टीम रात्रभर कामावर, तरी सकाळी काम जागच्या जागी: दूरच्या टीमचा बिघाड कसा शोधायचा

तुमचं ऑनलाइन दुकान अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातल्या ग्राहकांना माल विकतं आणि टीम मात्र पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा थेट फिलिपिन्समधल्या मनिला-सेबूत बसते, तर हे तुमच्यासाठी आहे. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहून असं दुकान चालवणारे आपले मराठी लोकही बरेच आहेत. अशा टीम बसवून देणं आणि बिघडल्या की दुरुस्त करणं हे माझं काम. त्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेली तक्रार एकच: माणसं चांगली आहेत, वेळेवर हजर होतात, पण सकाळी उठून बघावं तर रात्रीचं अर्धं काम अडकलेलं.

बहुतेक मालक पहिला संशय माणसावर घेतात आणि माणूस बदलतात. नवा माणूस काही आठवड्यांनी नेमका त्याच जागी येऊन थांबतो. काम बहुतेक वेळा निर्णयापाशी थांबतं, आणि निर्णय घेणारा त्या वेळी झोपलेला असतो. म्हणून माणसाला हात लावण्याआधी खालच्या तपासण्या करा, आणि दिलेल्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, शेवटच्या महाग आहेत.

लक्षणं

- सकाळी चॅट उघडलं की "ग्राहक रिफंड मागतोय, काय करू?" अशा प्रश्नांची रांग.
- तोच प्रश्न दोन आठवड्यांनी दुसऱ्याच माणसाकडून पुन्हा.
- तिकिटावर, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीच्या नोंदीवर, शेवटचा शेरा आपल्याच माणसाचा, आणि त्यानंतर दोन दिवस शांतता.
- कुठल्याही कामाबद्दल विचारलं की "चालू आहे". चार दिवसांनीही "चालू आहे".
- एक जण रजेवर गेला की त्याचा सगळा विभाग बंद.
- मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात, हातात येतं ते भलतंच.
- मार्च आणि नोव्हेंबरमध्ये काही कारण नसताना गोंधळ वाढतो.
- ॲमेझॉनवर विकत असाल तर खात्याच्या आरोग्याचे आकडे सरकायला लागतात. तिथे उशिरा पाठवलेल्या ऑर्डरींचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आणि सदोष (ग्राहकाने तक्रार केलेल्या) ऑर्डरींचं १ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. ग्राहकाच्या निरोपाला २४ तासांत उत्तर द्यावं लागतं, शनिवार-रविवार धरून.

यातली तीन लक्षणं एकत्र दिसली तर हाच बिघाड आहे असं धरून चाला. मात्र तेच काम करणाऱ्या चौघांपैकी तिघांचं सुरळीत आणि एकाचंच अडत असेल, तर प्रश्न त्या माणसाच्या प्रशिक्षणाचा किंवा घरच्या अडचणीचा आहे. ऑर्डरी दुप्पट झाल्या आणि माणसं तेवढीच राहिली, तर माणसं कमी आहेत. या दोन्हींना पुढचे उपाय लागू पडणार नाहीत.

१. घड्याळ आणि सुट्ट्या

अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटनमध्ये हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. भारतात आणि फिलिपिन्समध्ये घड्याळ हलत नाही. त्यामुळे न्यू जर्सी आणि पुणे यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा.

हा एक तास वरवर किरकोळ वाटतो. पण नाशिकची टीम दुपारी २ ते रात्री ११ बसते आणि तुम्ही तिकडे सकाळी ९ ला काम सुरू करता असं धरा. उन्हाळ्यात दोघं एकाच वेळी जागे आणि कामावर असण्याचे साडेचार तास मिळतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेतीनच उरतात, आणि तेही ब्लॅक फ्रायडेच्या तोंडावर. त्याच सुमारास कधी दिवाळीही येते. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी ठरवलेलं नसतं, आणि रोजचा एक तास गुपचूप गेलेला असतो.

सगळ्यांना दिसेल असं एकच कॅलेंडर करा. त्यात दोन्हीकडचे घड्याळबदल, दोन्हीकडच्या सुट्ट्या आणि मोठ्या सेलचे दिवस टाका. गणपती, दिवाळी आणि थँक्सगिव्हिंगबरोबर फिलिपिन्सचा होली वीक (ईस्टरआधीचा आठवडा) आणि १ नोव्हेंबरही लिहा, त्या दिवसांत तिथली माणसं गावी जातात. बांगलादेशात कुणी असेल तर तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, हेही. कामाची वेळ ठरवताना "तुमच्या सकाळी" असं लिहू नका, गावाच्या नावासकट लिहा: पुणे संध्याकाळी साडेसहा.

२. ओटीपी कुणाच्या फोनवर जातो?

ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा दोष इथेच सापडतो. टीम मालकाच्याच नावाने लॉगिन करते, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो, आणि तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. टीम थांबते. सकाळी कुणी सांगतही नाही, कारण ते रोजचंच झालेलं असतं.

प्रत्येकाला विचारा: काल रात्री कुठल्या लॉगिनसाठी थांबावं लागलं? मग प्रत्येक ठिकाणी त्या माणसाचं स्वतःचं खातं काढून द्या. शॉपिफायमध्ये कर्मचाऱ्यांची वेगळी खाती निघतात, ॲमेझॉनच्या सेलर सेंट्रलमध्ये वापरकर्त्यानुसार परवानग्या देता येतात, आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी त्या माणसाच्या फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपला (लॉगिनचा कोड दाखवणाऱ्या) जोडता येते. ज्या सेवेत एकच लॉगिन असतं, तिथे पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड सुरक्षित ठेवून वाटून देणारं ॲप) वापरा. व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवणं आजपासून बंद.

याचा दुसरा फायदा माणूस सोडून गेला की कळतो. त्याची स्वतःची खाती बंद केली की झालं. नाहीतर अठरा ठिकाणचे पासवर्ड बदलत बसावं लागतं, आणि त्यातला एखादा हटकून राहतो.

३. प्रश्न कुठे थांबला ते मोजा

आता मुख्य तपासणी. फुकट आहे, पण एक अख्खी दुपार द्यावी लागेल. गेल्या दोन आठवड्यांचं चॅट आणि तिकिटं उघडा. जिथे जिथे काम थांबलं, तिथे एका शीटमध्ये ओळ लिहा: काम काय होतं, कशासाठी थांबलं, उत्तर किती तासांनी मिळालं. "कशासाठी"च्या रकान्यात चारच शब्द वापरा: माहिती, परवानगी, लॉगिन, समज.

"माहिती" म्हणजे उत्तर कुठेतरी होतं, पण त्या माणसाला सापडलं नाही. "परवानगी" म्हणजे उत्तर त्याला ठाऊक होतं, पण द्यायची मुभा नव्हती. "लॉगिन" वर झालंच. "समज" म्हणजे काम काय आहे हेच नीट पोचलं नव्हतं.

हे मोजणं टाळू नका, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. परवानगीचा खोळंबा असताना प्रशिक्षणावर पैसे घातले तर काहीही बदलत नाही, उलट टीमला वाटतं की आपल्याला मूर्ख समजतात. मी पाहिलेल्या बहुसंख्य टीममध्ये सर्वांत लांब रकाना "परवानगी"चा निघाला.

याच टप्प्यावर पुष्कळ मालक स्क्रीनचे फोटो काढणारं, माउस हलतोय का ते पाहणारं सॉफ्टवेअर बसवायला निघतात. कृपा करून आत्ता बसवू नका. अडलेला माणूस तुमच्या उत्तराची वाट बघत बसलाय हे ते सॉफ्टवेअर सांगणार नाही, तो रिकामा आहे एवढंच सांगेल. मग तो माउस हलवायला शिकेल आणि खरं कारण आणखी खोल जाईल.

४. अधिकाराची मर्यादा लिहून द्या

"परवानगी"चा रकाना लांब असेल तर इथे थांबून नीट काम करा. बाकीचं पुढे ढकललं तरी चालेल.

समजा दुकान कपड्यांचं आहे. ग्राहक लिहितो की कुर्ता घट्ट होतोय, बदलून हवा. नाशिकच्या मुलीला सगळं माहीत आहे: ऑर्डर कधीची, माप कुठलं, गोदामात मोठं माप आहे की नाही. तिला एकच माहीत नाही, परतीचा टपालखर्च दुकानाने सोसायचा की ग्राहकाने. ती विचारते आणि थांबते. आठ तासांनी मालकीणबाई उठून "आपण देऊ" असं लिहितात, तेव्हा नाशिकमध्ये सुट्टी झालेली असते. ती दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवते, तोवर ग्राहकाने बँकेकडे पैसे परत मागण्याची तक्रार टाकलेली असते. आता कुर्त्याची किंमतही जाते आणि वर दंडाचं शुल्कही.

उपाय एका पानाचा आहे. कुठला निर्णय कोण, किती रकमेपर्यंत, न विचारता घेऊ शकतो ते लिहायचं. उदाहरणार्थ:

- २५ डॉलरपर्यंतचा रिफंड किंवा बदली: ग्राहकसेवेतला कुणीही, न विचारता. फक्त कारण नोंदवायचं.
- २५ ते १०० डॉलर: टीमचा प्रमुख.
- १०० च्या वर, किंवा ग्राहक वकिलाचं नाव काढत असेल, किंवा मालामुळे इजा झाली असं म्हणत असेल: मालक. अशा वेळी फोन करून उठवायचं.

आकडे तुमच्या नफ्याप्रमाणे बदला. सर्वांत महाग नगावर जेवढा नफा मिळतो, साधारण त्याच्या आसपास पहिली मर्यादा ठेवावी असं माझं मत आहे. आणि "उठवायचं" हे लिहिणं फार गरजेचं आहे. ते लिहिलेलं नसलं तर खऱ्या आणीबाणीतही कुणी मालकाला रात्री फोन करत नाही, संकोचाने.

पहिल्या महिन्यात टीम काही निर्णय चुकीचे घेईल. त्यांची किंमत मोजा आणि आधीच्या खोळंब्याच्या किंमतीशी ताडून पाहा. चुकलेल्या रिफंडवरून चारचौघांत झापलं, तर ते पान त्या दिवसापासून निरुपयोगी होतं. सगळे पुन्हा विचारायला लागतात.

५. पाळी संपतानाची नोंद

हीही फुकट, पण सवय लागायला दोन-तीन आठवडे जातात. प्रत्येकाने काम संपवताना चार ओळी लिहायच्या: काय पुरं झालं, काय अर्धवट आहे आणि कुठवर, कशासाठी थांबलंय, आणि उत्तर आलं नाही तर मी उद्या काय करणार.

चौथी ओळ सर्वांत मोलाची. "ग्राहकाला काय सांगू?" या प्रश्नाला तुम्हाला उत्तर तयार करावं लागतं. "पार्सल हरवलंय असं धरून उद्या पुणे दुपारी ४ ला दुसरं पाठवते, नको असेल तर सांगा" याला अंगठा दाखवला की पुरतं, आणि तुम्ही विसरलात तरी काम पुढे जातं. नवीन माणसाला पहिल्या दिवसापासून प्रश्न याच पद्धतीने विचारायला शिकवा.

नोंद सगळ्यांच्या समोर असलेल्या जागी हवी, ट्रेलो, आसना ही काम नोंदवायची ॲप किंवा साधी गूगल शीट काहीही चालेल. मालकाच्या खासगी चॅटमध्ये नको. तिथे लिहिलेलं बाकीच्यांना दिसत नाही आणि पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस तोच प्रश्न विचारतो.

६. लिहिलेली पद्धत खरंच चालते का?

"माहिती" आणि "समज" हे रकाने भरलेले असतील तर पद्धतीचे कागद तपासा. कागद असतातच, कुणी चाळीस पानांची फाइल केलेली असते आणि ती कुणी उघडत नाही. पारख सोपी आहे: ते काम कधीही न केलेल्या माणसाला कागद द्या आणि काही न बोलता बघत बसा. तो जिथे अडेल तिथे एक ओळ घाला.

एका कामाला एक पान आणि पाच मिनिटांचा स्क्रीनचा व्हिडिओ पुरतो. काम झालेलं कसं दिसतं याचा एक खरा नमुना जोडा, आणि नाकारलेलाही एक जोडा, का नाकारलं ते लिहून. उत्पादनाची माहिती लिहिणाऱ्या लोकांना तर नाकारलेल्या नमुन्याचा उपयोग जास्त होतो. पद्धत बदलली की कागद त्याच दिवशी बदलायचा, आणि बदलायची जबाबदारी काम करणाऱ्याची ठेवा. तुमच्यावर ठेवलीत तर ती राहून जाईल.

७. "हो" म्हणजे काय?

आपल्याकडे काय किंवा फिलिपिन्समध्ये काय, वरिष्ठाला तोंडावर "कळलं नाही" किंवा "हे या वेळेत होणार नाही" म्हणणं जड जातं. मीटिंगमधला "हो सर" बहुतेक वेळा "ऐकलं" एवढ्याच अर्थाचा असतो. याला खोटेपणा समजू नका. या माणसांची नोकरी तुमच्या मर्जीवर आहे आणि तुम्ही हजारो किलोमीटर लांब आहात. स्क्रीनवर तुमचा चेहराही नीट दिसत नाही.

"कळलं ना?" हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी "सुरुवात कुठून करणार?" आणि "यात कुठे अडेल असं वाटतं?" असं विचारा. मोठ्या कामाचा दहावा भाग झाला की आधी दाखवायला सांगा, शंभर उत्पादनांपैकी पहिली दहा. आणि कुणी अडचण वेळेत सांगितली तर तिथेच, सगळ्यांसमोर आभार माना. हे सहज होत नाही, पण याशिवाय वरच्या नोंदींतही "सगळं ठीक" एवढंच लिहिलेलं मिळेल.

८. वीज आणि इंटरनेट

इथून पैसे लागतात. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, हे टीमला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. अडचण गुरुवारची आहे की रोजची, ते नोंदीतून पाहा. लॅपटॉपची बॅटरी टिकते, पण राउटर बंद पडतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो, तो दुकानाने घेऊन द्यावा. शिवाय दुसऱ्या कंपनीचं मोबाइल डेटाचं सिम, त्याचा रिचार्जही दुकानाचा.

फिलिपिन्समध्ये वादळांचा विचार वेगळा करावा लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये ओडेट वादळानंतर सेबूच्या अनेक भागांत कित्येक आठवडे वीज नव्हती. तिथे यूपीएस कामाला येत नाही. सगळी ग्राहकसेवा एकाच शहरात ठेवू नका, आणि वादळात टीमने आधी स्वतःचं घर बघायचं, पगार कापला जाणार नाही, हे आधीच लेखी सांगा.

९. पगार आणि पाळी

चांगली माणसं दर काही महिन्यांनी सोडून जात असतील तर वरचं सगळं करूनही बिघाड परत येतो, कारण प्रत्येक वेळी शिकवण पहिल्यापासून. पगार ठरलेल्या तारखेला पोचतो का ते त्यांना विचारा. तुम्ही पाठवता ती तारीख आणि त्यांच्या बँकेत जमा होते ती तारीख, यांत दिवस जातात, आणि चलन बदलताना रक्कमही घटते. ती घट कुणी सोसायची हे लेखी ठरवा.

फिलिपिन्समध्ये १९७५ च्या अध्यादेशानुसार कर्मचाऱ्यांना तेराव्या महिन्याचा पगार २४ डिसेंबरच्या आत द्यावा लागतो. स्वतंत्र कंत्राटदाराला तो कायद्याने लागू नसला तरी तिथली माणसं त्याची वाट पाहतात. मी तरी तो द्यावाच असं सांगतो, आपल्याकडच्या दिवाळीच्या बोनससारखा.

रात्रपाळीबद्दल माझं मत ठाम आहे. सगळी टीम तुमच्या दिवसाप्रमाणे रात्री बसवायची गरज बहुतेक दुकानांना नसते. तीन-चार तास सामाईक मिळाले आणि वरचे मुद्दे ४ व ५ नीट केले, तर बाकीचं काम त्यांच्या दिवसात होतं. सतत रात्री जागणारी माणसं थकतात, आजारी पडतात आणि निघून जातात.

१०. रचना बदलणं

हे सर्वांत शेवटी, कारण महाग आहे आणि सहज मागे फिरवता येत नाही. माणसं सहा-सातच्या वर गेली आणि तरीही प्रत्येक गोष्ट तुमच्यापर्यंत येत असेल, तर टीममधलाच एक प्रमुख नेमा. बाहेरून आणण्यापेक्षा ज्याच्याकडे बाकीचे आताच प्रश्न घेऊन जातात तो निवडा, चॅटमध्ये तो सहज दिसतो. त्याचा पगार वाढवा आणि त्याचं रोजचं काम खरोखर कमी करा. नाहीतर तो दोन्हीकडे कमी पडेल. माणूस बदलायचाच असेल तर तोही इथे, मुद्दे १ ते ७ करून झाल्यावर. तोवर त्याच्याबद्दल तुमच्याकडे खरी नोंद असते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढच्या गोष्टी स्वतः दुरुस्त करायला जाऊ नका.

कंत्राटदार म्हणून घेतलेला माणूस ठरावीक वेळेत, फक्त तुमच्यासाठी, तुमच्या हुकमाने काम करत असेल, तर त्याच्या देशाचा कायदा त्याला कर्मचारी ठरवू शकतो. त्या देशातल्या कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा. करारावर "कंत्राटदार" लिहिलं की सुटलो, असं नसतं.

करांचं काम सीएचं. अमेरिकेतला मालक परदेशी कंत्राटदाराकडून डब्ल्यू-८बीईएन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत असं करासाठी लिहून देणारा) भरून घेतो. भारतातून सेवा निर्यात करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला जीएसटी न भरता बिल करायचं तर एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावं लागतं. टीममधलं कुणी तुमच्या वतीने करार करायला लागलं किंवा तुम्ही तिथे ऑफिस घेतलं, तर कंपनीवर त्या देशातही कर लागू शकतो. सही होण्याआधी विचारा.

ॲमेझॉनने खातं निलंबित केलं तर दुसऱ्या नावाने नवं खातं उघडू नका आणि टीमला घाईत अपील लिहायला लावू नका. खातं परत मिळवून देणारे जाणकार असतात, त्यांना आधी सगळी नोंद दाखवा.

ग्राहकांचा डेटा बाहेर गेला असा नुसता संशय आला तरी हीच वेळ. ब्रिटन किंवा युरोपातले ग्राहक असतील तर गळती कळल्यापासून ७२ तासांत तिथल्या नियामकाला कळवावं लागू शकतं, म्हणून "आधी खात्री करून घेऊ" म्हणत दिवस घालवू नका. ज्याच्या खात्यातून डेटा गेल्याचा संशय आहे त्याची खाती बंद करा, सगळीकडचे चालू लॉगिन तोडा, पासवर्ड बदला. लॉग, चॅट आणि ईमेल यांतलं काहीही पुसू नका, आणि टीममध्ये कुणावर आरोप करण्याआधी वकील आणि सायबर सुरक्षेचा माणूस, दोघांनाही त्याच दिवशी फोन करा.